आधी सांडपाण्याचा करार, मग लेआउट

बेळगाव शहर महापालिकेच्या हद्दीत मावेनासं होऊन बरीच वर्षं झाली. हिंडलगा, बेनकनहळ्ळी, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे, सांबरा, हलगा, जिकडे जावं तिकडे शेताच्या बांधावर रंगीत दगड रोवलेले दिसतात आणि लेआउटचा फलक उभा असतो. रस्ता, विजेचे खांब, बाजूचं गटार, बागेची मोकळी जागा हे सगळं नकाशावर असतं. घरातलं मैलापाणी शेवटी कुठे जाणार, याच्या उत्तरात मात्र शोषखड्डा किंवा ‘महापालिकेच्या ड्रेनेजला जोडणार’ इतकंच लिहिलेलं असतं. कोणत्या चेंबरला जोडणार, त्या चेंबरचा तळ किती पातळीवर आहे, रोज किती लिटर पाणी सोडणार आणि त्याला ड्रेनेजच्या मालकाची संमती आहे का, यातलं काहीच त्यात नसतं.

म्हणून आमची मागणी अशी. ज्या लेआउटचं सांडपाणी दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत उतरणार आहे, त्याला दोन्ही संस्थांमध्ये आकड्यांसह लेखी करार झाल्याशिवाय अंतिम मंजुरी देऊ नये. आणि हा करार करताना ‘आधी महापालिकेत सामील व्हा’ अशी अट गावांना घालू नये.

अडचण नेमकी कुठे आहे ते पाहा. लेआउटचा नकाशा मंजूर करते बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. रस्ते, गटारं आणि बाग हस्तांतरित होतात ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपंचायतीकडे. मुख्य मलवाहिनी असते महापालिकेची. तिचं बांधकाम बहुतेक वेळा कर्नाटक नगर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने केलेलं असतं. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, ते संरक्षण खात्याच्या कायद्याने चालतं. प्रक्रिया केंद्राला संमती देतं प्रदूषण नियंत्रण मंडळ. मंजुरी देणाऱ्यावर पाणी वाहून नेण्याची जबाबदारी नाही आणि ज्याच्यावर ती जबाबदारी येऊन पडते त्याला मंजुरीच्या वेळी कुणी विचारत नाही. फार तर एक ना-हरकत पत्र मागवलं जातं. पत्रात ‘हरकत नाही’ असतं, क्षमता नसते, मुदत नसते आणि पैसे कोण भरणार तेही नसतं.

पाण्याला हद्द कळत नाही, उतार कळतो. शहराच्या उत्तरेकडचा आणि पश्चिमेकडचा भाग, म्हणजे हिंडलगा आणि कंग्राळीची बाजू, मार्कंडेय नदीकडे उतरते. अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवाराकडचं पाणी बळ्ळारी नाल्यात जातं आणि पुढे तेही मार्कंडेयातच मिसळतं. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. याच मार्कंडेयावर वरच्या अंगाला राकसकोपचं धरण आहे आणि शहर त्यातून पाणी पितं. वरून स्वच्छ घ्यायचं आणि खालच्या गावांना मैला द्यायचा, असा हा व्यवहार झाला आहे. कोल्हापूर आणि इचलकरंजीची घाण पंचगंगेतून कृष्णेत येते म्हणून चिकोडी आणि अथणी तालुक्यांतले लोक तक्रार करतात, ती रास्तच आहे. मग मार्कंडेयाकाठच्या गावांची आपल्याविषयीची तक्रारही तितकीच रास्त धरली पाहिजे. करार त्यामुळे हद्दींवर न बेतता पाणलोटावर बेतायला हवा. हिंडलगा-कंग्राळीच्या उतारासाठी एक करार, बळ्ळारी नाल्याच्या खोऱ्यासाठी दुसरा. मच्छे आणि पिरनवाडीचा कोणता भाग कुठे उतरतो हे पातळ्या मोजूनच ठरवावं, अंदाजाने ठरवू नये.

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असताना ड्रेनेजचा एवढा खटाटोप कशाला, असं बरेच जण विचारतात. गावात पाच-सहा गुंठ्यांत एक घर होतं तोवर हा प्रश्न बरोबर होता. आता तीस बाय चाळीसचा प्लॉट मोजा. तो साधारण ९.१ मीटर बाय १२.२ मीटर भरतो. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअरवेल यांत निदान १५ मीटर अंतर असावं, असा साधा नियम आहे. या प्लॉटचं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतरच जेमतेम १५ मीटर आहे. एका कोपऱ्यात खड्डा आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोअर घेतली तरी शेजाऱ्याची बोअर आपल्या खड्ड्याला टेकलेलीच असणार. शिवाय शहापूर, वडगाव, हलगा बाजूच्या काळ्या जमिनीत पाणी मुरतच नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा उलट भरतो. मग घरमालक टाकीच्या वरच्या अंगाला भोक पाडून पाइप बाजूच्या गटारात सोडतो. ते गटार नाल्यात आणि नाला भाताच्या शेतात. टाकी उपसणारा टँकरही गाळ कुठे नेऊन ओततो, याची नोंद सहसा कुणाकडे नसते.

आता आकडे मांडू. दहा एकरांचा लेआउट, साधारण १५० प्लॉट. पुढे प्रत्येक प्लॉटवर तळमजला आणि वरचा मजला मिळून दोन कुटुंबं, कुटुंबात सरासरी साडेचार माणसं. म्हणजे १,३५० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. रोजचे झाले सुमारे १ लाख ४६ हजार लिटर. सरासरी प्रवाह सेकंदाला १.७ लिटर. पण सकाळी सहा ते नऊ सगळी घरं एकदम पाणी सोडतात, म्हणून लहान वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट धरावं लागतं. म्हणजे सेकंदाला पाच लिटर. करारात सरासरी आणि शिखर हे दोन्ही आकडे हवेत. पाइप शिखराला लागतो, प्रक्रिया केंद्र सरासरीला. केंद्राची रोजची १० लाख लिटर क्षमता साधारण ९,२०० माणसांना पुरते. असे सातेक लेआउट भरले की तेवढी क्षमता संपली. हा हिशेब कोणत्याही पंचायतीला कागदावर मांडता येतो. बुडाने मंजूर केलेले सगळे लेआउट एकत्र करून तो जाहीर करावा आणि प्रत्येक नव्या मंजुरीबरोबर उरलेली क्षमता किती, हेही लिहावं. आज एकच रिकामी क्षमता दहा जणांना तोंडी वाटली जाते.

सगळ्यात जास्त घोळ पातळ्यांचा होतो आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. लेआउटचा सर्व्हेयर कोपऱ्यातला एखादा दगड धरून त्याला १००.०० ही पातळी देतो आणि तिथून मोजत जातो. महापालिकेच्या किंवा पाणीपुरवठा मंडळाच्या नकाशातल्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या, म्हणजे बेळगावात साडेसातशे मीटरच्या आसपासच्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर पाइप चेंबरला वरून मिळतो की खालून, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि १५० मिलिमीटरच्या पाइपला स्वतःची सफाई होण्याइतका वेग, सेकंदाला ०.६ मीटर, मिळायला साधारण १७० मीटरला एक मीटर उतार द्यावा लागतो. सपाट जमिनीवर ६०० मीटर लांबीत साडेतीन मीटर खोली वाढते. सुरुवातीला एक मीटर खोल टाकलेला पाइप हद्दीवर पोचतो तेव्हा साडेचार मीटर खाली असतो. समोरचा जुना चेंबर तीन मीटरच खोल असेल तर पाणी चढणार कसं? ठेकेदार मग उतार मारतो, म्हणजे कमी करतो. पाइप कागदावर जोडला जातो, पण त्यात मैला साचत राहतो आणि दोन वर्षांत तुंबतो. म्हणून करारातला पहिला परिशिष्ट नकाशा हा समुद्रसपाटीच्या बेंचमार्कवरून दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी मिळून मोजलेला असावा. त्यात जोडणीचा चेंबर क्रमांक, त्याच्या तळाची पातळी आणि येणाऱ्या पाइपच्या तळाची पातळी मिलिमीटरपर्यंत लिहावी. येणारा पाइप ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त वरून पडत असेल तर उभ्या पाइपचा ड्रॉप चेंबर बांधावा. नाहीतर वरून पडणारं पाणी तळ उखडतं आणि आतला वायू भिंती खातो.

पातळी जमतच नसेल तर उपसा केंद्र लागेल आणि मग वेगळ्या भांडणाला तोंड फुटतं. पंपांचं वीजबिल कुणाचं? हेस्कॉमची वीज गेली की पाणी कुठे जाणार? पंपाआधी मैला जिथे जमतो त्या ओल्या विहिरीत तो अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिला तर कुजायला लागतो, म्हणून ती फार मोठीही बांधता येत नाही. पूर्ण क्षमतेचा दुसरा पंप, जनरेटर आणि त्याच्या डिझेलचा वार्षिक खर्च करारातच धरायला हवा. नाहीतर विहिरीचा ओव्हरफ्लो पाइप नाल्यात सोडलेला असतो आणि वीज गेल्याची प्रत्येक वेळ नाला भोगतो.

पावसाचं पाणी हा तर पश्चिमेकडून येणाऱ्या सरींच्या आपल्या प्रदेशात कराराचा गाभाच असायला हवा. त्याच १५० घरांची छपरं प्रत्येकी ७० चौरस मीटर धरा. तासाला २० मिलिमीटर पाऊस झाला तर छपरांवर त्या एका तासात २ लाख १० हजार लिटर पाणी पडतं. दिवसभराच्या सांडपाण्यापेक्षाही जास्त! चौथ्या हिश्श्याच्या घरांनी जरी छपराचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडला तरी सेकंदाला साडेचौदा लिटर येतात. १५० मिलिमीटरचा पाइप वर सांगितलेल्या उताराने काठोकाठ भरून वाहिला तरी १२ लिटरच नेतो. मग जुलैमध्ये सखल घरांच्या संडासातून पाणी वर येतं आणि लोक महापालिकेला दोष देतात. खरा दोष वरच्या लेआउटमधल्या छपरांचा असतो. त्यासाठी हद्दीवरच्या शेवटच्या चेंबरमध्ये प्रवाहमापक बसवावा. मे महिन्यातला प्रवाह आणि जुलैमधला प्रवाह यांचं प्रमाण करारात ठरवावं. ते ओलांडलं की धुराची चाचणी करायची. पाइपमध्ये धूर सोडला की ज्या छपराच्या पाइपातून तो बाहेर येतो, ते घर सापडतं. खर्च वरच्या पंचायतीने द्यावा आणि घरमालकाकडून वसूल करावा.

पाइप टाकतानाची तपासणीही खालच्या संस्थेच्या अभियंत्यासमोर व्हावी, कारण पुढची तीस वर्षं ते पाणी त्याला सांभाळायचं आहे. काळ्या मातीत पाइपखाली मुरुमाचा किंवा वाळूचा थर नसेल तर माती फुगून आणि आकसून सांधे उघडतात. विटांचे चेंबर आतून-बाहेरून गिलावा न करता बुजवले तर भूजल आत येतं. ३० मीटरपेक्षा लांब अंतरावर चेंबर असतील तर तुंबलेला पाइप साफ करणं अवघड जातं. पाइप पाण्याने भरून गळती मोजणं आणि एका चेंबरमधून दुसऱ्यात आरशाने उजेड पाहणं, या दोन चाचण्या चर बुजवण्यापूर्वी एका दिवसात होतात. लेआउटमधले प्लॉट टप्प्याटप्प्याने विक्रीला सोडण्याची पद्धत आहेच. शेवटचा टप्पा या चाचणीच्या अहवालाशी बांधला की विकासकाला घाई राहील आणि काम नीट करण्याचं कारणही राहील.

प्रत्येक लेआउटने आपलं छोटं प्रक्रिया केंद्र बांधावं, हा उपाय अनेकांना सोपा वाटतो. आमचा त्याला विरोध आहे. मोठ्या अपार्टमेंटमध्ये ते चालू शकतं, कारण तिथे सगळे एकदम राहायला येतात आणि सोसायटी असते. प्लॉटच्या लेआउटमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांत दहा-पंधरा घरंच उभी राहतात. दीड लाख लिटरसाठी बांधलेल्या केंद्रात पंधरा हजार लिटर मैला येतो, टाकीतल्या जिवाणूंना खाद्य पुरत नाही, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल मात्र पूर्ण येतं. बिल भरायला संघटनाच नसते. विकासक प्लॉट विकून पुढच्या शिवारात गेलेला असतो. ब्लोअर बंद पडतो आणि केंद्र म्हणजे मैल्याची उघडी टाकी होते. पाणलोटातल्या वीस लेआउटचं मिळून एक मोठं केंद्र आणि तिथे पगारी चालक, हेच टिकणारं आहे.

आता पैशांचं. पाणीपट्टी थकली तर नळ तोडता येतो. सांडपाण्याचं कनेक्शन असं तोडता येत नाही, बोळा घातला तर मैला रस्त्यावर येतो आणि त्रास निरपराध शेजाऱ्यांना होतो. म्हणून या करारात वसुलीची हमी आधीच घ्यावी लागते. वरच्या पंचायतीने सहा महिन्यांच्या बिलाइतकी ठेव स्वतंत्र खात्यात ठेवावी. बिलाचे दोन भाग असावेत, राखून ठेवलेल्या क्षमतेचा ठरावीक आकार आणि मापकावर मोजलेल्या पाण्याचा दर. ठरावीक आकार घर बांधलेलं असो वा नसो, प्रत्येक प्लॉटवर लागला पाहिजे. प्लॉट घेऊन दहा वर्षं भाव वाढायची वाट पाहणाऱ्याने राखीव क्षमतेचे पैसे भरायलाच हवेत. मुख्य वाहिनी आणि केंद्राच्या बांधकामातला वाटा विकासकाकडून मंजुरीच्या वेळी घ्यावा आणि तो दोन्ही संस्थांच्या संयुक्त खात्यात जावा. एकदा तो पंचायतीच्या सर्वसाधारण निधीत गेला की त्यातून पेव्हर बसतात. यामुळे प्लॉट महाग होतील, हे खरं आहे. पण आज ती किंमत खालच्या शेतकऱ्याच्या पिकातून आणि घरमालकाच्या टँकर बिलातून वसूल होतेच आहे.

‘आधी हद्दीत या, मग ड्रेनेज देऊ’ ही भूमिका महापालिकेच्या बाजूने समजण्यासारखी आहे. शहराच्या करातून बांधलेल्या वाहिन्या बाहेरच्यांनी का वापराव्यात, हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर मापक आणि दर हे आहे. महापालिकेत जाण्याला गावांचा विरोध घरपट्टीमुळे असतो, शेतजमिनीच्या काळजीने असतो, गावचा कारभार आणि कागदपत्रं आपल्या भाषेत राहावीत म्हणूनही असतो. सीमाभागात हद्दीचा कोणताही प्रश्न निघाला की तो वर्षानुवर्षं सुटत नाही, हे आपण सगळे जाणतो. मैलापाणी तितकी वर्षं थांबत नाही. हद्दवाढ आणि ड्रेनेज एका गाठीत बांधले तर दोन्ही अडकतात. करारात स्पष्ट लिहावं, की या सेवेमुळे हद्दीबाबत कुणाचाही हक्क निर्माण होत नाही आणि कुणाचा जातही नाही. कॅम्पच्या नागरी भागाचं विलीनीकरणही असंच चर्चेत आहे. ते होवो न होवो, कॅन्टोन्मेंटच्या चेंबरमधून आज वाहणाऱ्या पाण्याचा करार आजच हवा.

बिगरमंजुरीचे, गुंठ्यांनी विकलेले प्लॉट हा यातला सर्वांत अवघड भाग. ते हिशेबात धरले नाहीत तरी त्यांचं पाणी त्याच उताराने येणार. त्यांना ड्रेनेज जोडणी द्यावी, दरही मंजूर प्लॉटपेक्षा जास्त लावावा, पण त्या पावतीने मालकी किंवा बांधकाम नियमित होत नाही असं पावतीवरच छापावं.

देखभालीत एका गोष्टीवर तडजोड नको. ग्रामपंचायतीकडे जोराने पाणी मारून पाइप साफ करणारं जेटिंगचं यंत्र नसतं, म्हणून तुंबलं की एखाद्या माणसाला चेंबरमध्ये उतरवलं जातं. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने हा गुन्हा आहे आणि आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात मरतो. महापालिकेचं जेटिंग-सक्शन वाहन ठरावीक दराने, तक्रारीनंतर ठरावीक तासांत पंचायतीला मिळेल, हे कलम करारात असावं. त्यासोबत गोठ्यातलं शेण, मंगल कार्यालयांचं तेलकट पाणी आणि रंगकामाचं किंवा कारखान्यांचं पाणी घरगुती वाहिनीत येणार नाही, याची जबाबदारी वरच्या पंचायतीने घ्यावी. शेणाला गाळ-चेंबर आणि मंगल कार्यालयाला तेल अडवणारी टाकी, दोन्ही स्वस्त आहेत. कारखान्यांना मात्र वेगळीच व्यवस्था लागते, कारण प्लेटिंगचं, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या कामाचं, एक टँकरभर पाणी केंद्रातले जिवाणू मारून टाकू शकतं.

बळ्ळारी नाल्याच्या काठचे शेतकरी या सगळ्यात कुठे आहेत? शहापूर-वडगावच्या शिवारात दर पावसाळ्यात नाला फुगून भात कुजतो. नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचलेली असते. हलग्याला प्रक्रिया केंद्रासाठी सुपीक जमीन घेण्यावरून शेतकऱ्यांनी मोठा संघर्ष केला. ज्यांच्या जमिनीवर सगळ्यांचं पाणी येतं त्यांना करारात जागा नसेल तर तो करार अर्धवट आहे. देखरेख समितीत त्यांचे प्रतिनिधी मताधिकारासह असावेत. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीची, म्हणजे त्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची, नोंद दर महिन्याला गावच्या चावडीवर लागावी. प्रक्रिया केलेलं पाणी कुणाला, किती आणि कोणत्या महिन्यात द्यायचं, यात पहिला हक्क त्यांचा असावा.

कायद्याची वाट बंद नाही. घटनेच्या २४३ झेडडी कलमाने जिल्हा नियोजन समितीवर पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामायिक प्रश्नांचा, त्यातही पाण्याच्या वाटपाचा आणि पायाभूत सुविधांच्या एकत्रित विकासाचा विचार करून आराखडा करण्याची जबाबदारी टाकली आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी बुडा, महापालिका, पाणीपुरवठा मंडळ, कॅन्टोन्मेंट आणि संबंधित पंचायती यांना एकत्र बसवून सुरुवात हिंडलगा-कंग्राळीच्या उतारापासून करावी. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबर ते जानेवारीत पातळ्यांची मोजणी, फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकांत दोन्हीकडे तरतूद, मे महिन्यात कोरड्या दिवसांतला प्रवाह मोजणं आणि जुलैत पावसातला. तोवर त्या उतारावरच्या एकाही नव्या लेआउटच्या शेवटच्या टप्प्यातले प्लॉट विक्रीला सोडू नयेत.